खुराड्याचें दार उघडतांना



आजचा माझा विषय ऐकून कित्येकांना हंसूं येईल. कोंबडीच्या पिलांना खुराड्याबाहेर काढण्यांत शिकण्यासारखें असें काय आहे? दार उघडलें कीं तीं बाहेर येतील, हिंडतील, आणि दिवस मावळला कीं आपलीं आपण परत जातील, असें कोणालाहि वाटेल. मलाहि तसेंच वाटत होतें. तें वाटणें मला महाग पडलें, आणि माझ्याहून माझ्या पिलांना अधिक महाग पडलें. म्हणून ती हकीगतच प्रथम सांगतें.

आमच्या घरामागें लहानसें परसूं आहे. एक पेरूचें झाड, थोडें अळू, कढीलिंबाचें झुडूप आणि मधें मोकळी जागा. मुलांच्या हट्टापायीं मीं एका दिवसाचीं दहा पिलें विकत आणलीं. पेटींत दिव्याच्या उबेखालीं तीं छान वाढलीं. सात आठवड्यांचीं झाल्यावर एका रविवारीं सकाळीं मीं त्यांना नव्या खुराड्यांत घातलें आणि तासाभरानें मोठ्या कौतुकानें दार उघडलें. एकहि पिलूं बाहेर येईना. सगळीं मागल्या कोपऱ्यांत एकमेकांवर चढून बसलीं. मुलें वाट पाहून कंटाळलीं. मलाहि तो भित्रेपणा बघवेना. मीं हात घालून एकेक पिलूं बाहेर ओढलें आणि मागें दार लावून घेतलें. पिलें ओरडत चहूंकडे पांगलीं. संध्याकाळीं पाहतें तों खुराड्याकडे कोणी फिरकलेंच नव्हतें. सात कशींबशीं हातीं लागलीं. तीन कुंपणाच्या झुडपांत कोठें दडलीं तीं अंधारांत दिसेनाशीं झालीं. सकाळीं कुंपणापाशीं नुसतीं पिसें पडलेलीं होतीं. शेजारच्या आजींनीं तीं पाहिलीं आणि हें मुंगसाचें काम म्हणून सांगितलें. मग थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "अगं, परत कुठं यायचं, तें तूं त्यांना दाखवलंसच कुठं?"

त्या एका प्रश्नांत सारा विषय आला. पिलांना बाहेर काढणें हें कामच नव्हे. त्यांना घर ठाऊक करून देणें हें काम. बाहेर येणें तीं स्वतःच करतात.

आपली पाळीव कोंबडी ही लाल रानकोंबड्याची वंशज आहे. हा पक्षी उत्तर व ईशान्य भारतांत आणि आग्नेय आशियांत अद्यापि रानांत राहतो. आपल्या सह्याद्रींतला करडा रानकोंबडा हा त्याचाच भाऊबंद. झाडीच्या कडेनें चरावें, जमीन उकरावी, चाहूल लागतांच झुडपांत शिरावें आणि रात्रीं फांदीवर बसावें, असा त्यांचा क्रम. डोक्यावर आडोसा नसलेली मोकळी जागा म्हणजे घारीची आणि शिक्र्याची जागा. तेव्हां आपण ज्याला 'छान मोकळें अंगण' म्हणतों, तें पिलाच्या दृष्टीनें धोक्याचें मैदान असतें. कोपऱ्यांत दडून बसलेलीं माझीं पिलें मूर्ख नव्हतीं. अडाणी मी होतें.

खुडूक बसलेल्या कोंबडीनें स्वतः उबवलेलीं पिलें असलीं, तर हा प्रश्न उद्भवत नाहीं. आई पुढें चालते, दाणा दिसला कीं बोलावते, घार दिसली कीं निराळा आवाज काढते, आणि सांजेला पिलांना पंखांखालीं घेते. यंत्रांत उबवून पेटींतून आलेल्या पिलांना हें शिकवणारें कोणी नसतें. तें काम आपल्यावर येतें, आणि तें पहिल्याच दिवसापासून सुरू करावें लागतें. डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज संशोधकानें १८७३ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अंड्यांतून निघतांच त्यानें पिलांचे डोळे झांकले. एक ते तीन दिवसांत डोळे मोकळे केले तेव्हां तीं पिलें समोर हालेल त्याच्या मागें, खुद्द त्याच्याहि मागें, चालूं लागलीं. परंतु जवळजवळ चार दिवस झांकून ठेवलेलीं पिलें त्याला पाहतांच घाबरून दूर पळालीं. विश्वास बसण्याचे दिवस असे थोडे असतात. म्हणून पेटींतल्या पिलांजवळ रोज थोडा वेळ बसावें, तळहातावर कणी द्यावी आणि देतांना नेहमीं एकच हांक मारावी. आमच्या घरीं 'या, या, या' एवढीच हांक आहे. पुढें अंगणांत हीच हांक उपयोगी पडते.

आतां प्रत्यक्ष क्रम सांगतें. पहिल्या आठवड्यांत पिलांना सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढें दर आठवड्यास ती तीन अंशांनीं कमी करीत जावी. साधारण सहा आठवड्यांत लव जाऊन अंगभर पिसें येतात. त्यापूर्वीं पिलांना उघड्या हवेंत ठेवूं नये. मग त्यांना खुराड्यांत हलवावें आणि आठवडाभर दार बंदच ठेवावें. दाणा, पाणी आणि बसावयाची काठी सगळें आंतच असावें. एका बाजूस जाळी असावी, म्हणजे अंगण, झाडें, माणसें आणि कावळे हीं पिलांच्या नजरेस सरावतात. जाळीचें भोंक अर्ध्या इंचाहून मोठें नसावें. त्याहून मोठ्या भोंकांतून उंदीर आंत येतात. जेथें सात रात्री निर्धास्त झोंप मिळाली, तें घर असें पिलूं धरून चालतें.

पहिल्यांदा दार उघडावयाचें तें सकाळीं नव्हे, तर दिवस मावळण्यापूर्वीं तासभर, आणि संध्याकाळचा दाणा देण्याआधीं. पोटांत भूक असते, उजेड थोडाच उरलेला असतो, त्यामुळें पिलें लांब जात नाहींत. दिवस कोरडा असावा. दारापासून जमिनीपर्यंत एक फळी तिरपी लावावी आणि पाय घसरूं नयेत म्हणून तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकाव्या. दाराबाहेर दोनतीन हातांवर झुडूप नसेल, तर एखादी जुनी खाट किंवा टोपली उलटी टाकून आडोसा करावा. उंबऱ्यावर मूठभर कणी टाकावी, आणि आपण बाजूला स्वस्थ बसावें. कुत्रें बांधलेलें असावें व मुलांनीं धांवूं नये. एखादें धीट पिलूं मान बाहेर काढील, मागें जाईल, पुन्हां काढील. तें बाहेर आलें कीं त्याच्या पाठोपाठ दुसरें येईल. ज्यांना यावयाचें नसेल त्यांना राहूं द्यावें. कोणालाहि ओढूं नये, आणि कोणी बाहेर असतां दार लावूं नये; भ्यालेल्या पिलाला परतण्याची वाट उघडी दिसली पाहिजे.

उजेड कमी होऊं लागला कीं खुराड्यांत एक मंद दिवा लावावा आणि नेहमींची हांक मारून दाणा आंत टाकावा. कोंबड्यांना अंधुक प्रकाशांत नीट दिसत नाहीं, म्हणून त्या उजेडाकडे येतात. कोणी बाहेरच राहिलें तर काठीनें हुसकूं नये. पुरता अंधार पडूं द्यावा. मग पिलूं निपचित बसतें. त्याला दोन्ही हातांनीं उचलून आंत ठेवावें. बहुधा थोड्याच दिवसांत तीं आपलीं आपण जाऊं लागतात. मग रोज दार थोडें थोडें आधीं उघडावें.

घरांत जुन्या कोंबड्या असल्या तर आणखी एक सांभाळावें लागतें. कोणी कोणाला टोचावें याची कोंबड्यांत एक ठरलेली उतरंड असते; नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे यांनीं १९२२ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. नव्या पिलांचें स्थान त्या उतरंडीच्या तळाशीं. म्हणून प्रथम मधें जाळी ठेवून एकमेकांची ओळख होऊं द्यावी, आणि पुढेंहि दाण्यापाण्याचीं भांडीं दोन ठिकाणीं ठेवावीं. नव्या आणलेल्या पिलांना कांहीं दिवस निराळेंच ठेवणें बरें, कारण रोगहि त्यांच्याबरोबर येतात. कुमाऊंतील गांवाचें नांव मिळालेला राणीखेत रोग सबंध खुराडें ओस पाडतो. त्याची लस केव्हां टोंचावयाची तें पशुवैद्यांना विचारून ठेवावें. ओल्या, घाणेरड्या जमिनीवर रक्ती हगवण फैलावते, म्हणून खुराडें कोरडें ठेवावें. आणि पिलांना हात लावल्यावर मुलांचे हात साबणानें धुतले पाहिजेत.

मीं पुढल्या वर्षीं पुन्हां पिलें आणलीं. या खेपेस आठ. पहिल्या संध्याकाळीं पांच बाहेर आलीं, दुसऱ्या दिवशीं दोन. एक करडें पिलूं मात्र रोज उंबऱ्यापर्यंत येई, कणी खाई आणि मागें फिरे. आमची धाकटी रोज म्हणे, "आई, जरा ढकलूं का ग?" मीं रोज नको म्हटलें. असे चार दिवस गेले. पांचव्या दिवशीं सर्वांची नजर दुसरीकडे असतांना तें फळीवरून उतरलें, आणि पाहतों तों कढीलिंबाखालीं माती उकरीत होतें. अंधार पडण्याआधीं सर्वांत पहिलें आंत गेलें तेंहि तेंच.

तेव्हां ज्यांच्या घरीं पिलें असतील त्यांनीं दार घाईनें उघडूं नये, आणि उघडल्यावर घाईनें लावूंहि नये. रात्रीं कडी घालण्यापूर्वीं मात्र दिवा घेऊन एकदां सर्वांना मोजावें. मी अजूनहि मोजतें, आणि आठ भरले तरी पुन्हां एकदां मोजतें.