उंबराचे फूल



पुष्कळ दिवसांनी दाराशी आलेल्या स्नेह्याला आपण हसून म्हणतो, “अगदी उंबराचे फूल झालात की हो!” जे कधी दृष्टीस पडत नाही, त्याला ही उपमा. उंबराचे झाड मात्र दुर्मिळ नाही. ओढ्याकाठी, विहिरीपाशी, देवळाच्या पारावर ते उभे असते. गोव्यात त्याला रुमड म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे गूलर, तर हैदराबादेत तेलुगू शेजारी मेडी म्हणतात. खोडाला आणि जाड फांद्यांना फळांचे घोसच्या घोस लगडतात, पण मोहोर कधी दिसत नाही. ते फूल मध्यरात्री उमलते आणि भाग्यवंतालाच दिसते, अशीही एक समजूत आहे.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांनाही हे कोडे पडले असावे. त्यांनी झाडाझुडपांचे वर्ग पाडले, ते असे: फुलावाचून फळतात त्या वनस्पती, फुलून मग फळतात ते वानस्पत्य, फळ पिकले की ज्यांचे आयुष्य सरते त्या ओषधी, आणि पसरत जाणाऱ्या वेली म्हणजे वीरुध. आज गवतापासून वडापर्यंत सर्वांना आपण जो ‘वनस्पती’ शब्द लावतो, तो मुळात वड, पिंपळ, उंबर अशा झाडांचा होता! या वर्गीकरणाला कोणी भाबडे म्हणू नये. नुसत्या डोळ्यांना जेवढे दिसते, तेवढे त्यांनी नेमके टिपले होते.

फूल असते, पण ते आत असते. एखादे हिरवे, कोवळे उंबर चाकूने उभे चिरून पाहावे. आतल्या पोकळीच्या भिंतीला बारीक बारीक दाणे दाटीने चिकटलेले दिसतील. त्यातला प्रत्येक दाणा हे एकेक स्वतंत्र फूल आहे. सूर्यफुलात शेकडो फुले एका पसरट ताटलीवर बसलेली असतात. त्या ताटलीच्या कडा वर उचलत नेऊन तोंड आवळून घ्यावे, म्हणजे उंबर झाले. वनस्पतिशास्त्रात याला कुंभासनी फुलोरा म्हणतात, आणि नाव समर्पक आहे. ज्याला आपण कच्चे फळ म्हणतो, तो फुलांनी भरलेला बंद कुंभ आहे. त्याच्या तोंडाशी खवल्यांनी झाकलेले एक सूक्ष्म छिद्र असते, एवढीच काय ती वाट.

आता अडचण अशी, की फुलातून बी धरायचे तर स्त्रीपुष्पावर पराग पडला पाहिजे. मक्याचे काम वारा करतो, भोपळ्याचे मधमाशी. या बंद घरात कोण शिरणार? शिवाय आतली स्त्रीपुष्पे आधी तयार होतात, आणि तोंडाजवळची पुंपुष्पे काही आठवड्यांनी. म्हणजे घरचा पराग घरच्या उपयोगाचा नाही. तो परक्या झाडावरूनच आला पाहिजे.

तो आणते सुमारे दोन मिलिमीटर लांबीची एक माशी. आपण तिला चिलट म्हणून सोडून देतो, पण ती गांधीलमाशीच्या गोत्रातली आहे. शास्त्रीय नाव सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स. तयार झालेल्या उंबरातून विशिष्ट गंध सुटतो आणि त्या मागावर मादी येते. त्या चिंचोळ्या वाटेने आत घुसताना तिचे पंख तुटून जातात. परतीचा प्रश्नच उरत नाही. आत ती काही फुलांत अंडी घालते, बरोबर आणलेला पराग फुलांवर ठेवते आणि तिथेच मरते. अंडी पडलेल्या फुलांच्या गाठी होतात व त्यांत पिल्ले वाढतात. उरलेल्यांपैकी पुष्कळांत बी धरते. झाड आपल्या फुलांचा एक वाटा माशीला देते आणि त्या बदल्यात उरलेल्यांचे बी पदरात पाडून घेते.

काही आठवड्यांनी प्रथम नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. ते गाठींतल्या माद्यांशी समागम करतात, उंबराच्या भिंतीला भोक पाडून माद्यांसाठी वाट करतात आणि मरतात. माद्या नव्याने पिकलेला पराग भरून घेऊन त्या भोकातून उडून जातात. घराबाहेरचे जग न पाहिलेल्या माणसाला आपण ‘उंबरातला किडा’ म्हणतो. नराच्या बाबतीत ते खरेच आहे. मादीवर मात्र तो अन्याय होय. अमरकोशात उंबराला जंतुफल हेही एक नाव दिले आहे. जंतू पाहिले गेले होते, त्यांचे काम तेवढे कळायचे होते. ते आता पुष्कळ कळले आहे, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. रेनी बोर्जेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच झाडावर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

ही माशी नसेल तर काय होते, हे उंबराच्या भाऊबंदाने, अंजिराने, दाखवून दिले. कॅलिफोर्नियात स्मर्ना जातीच्या अंजिराची लागवड झाली; झाडे वाढली, पण फळे कच्चीच गळत. अखेर 1899 साली त्या अंजिराची माशी तिकडे नेऊन वाढवण्यात यश आले, तेव्हा ती पिकू लागली. आपल्या पुरंदरच्या अंजिराला ही गरज नाही. ते परागावाचूनच पिकते. उंबराला मात्र ती सवलत नाही.

बाहेर पडलेल्या मादीला आयुष्य एक-दोन दिवसांचे. एका झाडावरची उंबरे बहुधा एकाच अवस्थेत असतात, म्हणून घरच्या झाडावर तिला जागा नसते. तेवढ्या अवधीत वाऱ्याच्या आधाराने तिला दुसरे, नेमके त्याच वेळी तयार असलेले झाड गाठावे लागते. एखाद्याच झाडाने हा संसार चालत नाही. परिसरात वेगवेगळ्या वेळी फळणारी अनेक झाडे हवीत, म्हणजे बारा महिने कुठे ना कुठे एक तरी दार उघडे राहते. तांबट, हारीत, धनेश, वटवाघूळ, वानर यांना ऐन उन्हाळ्यातही उंबर मिळते ते यामुळेच. आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची नवी रोपे पुढे दूरवर उगवतात.

नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापूरला औदुंबराला प्रदक्षिणा घालणारा भाविक त्या झाडाच्या फांदीलाही धक्का लावणार नाही. पण पारावरच्या पूज्य झाडाची माशी येते ती गावाबाहेरच्या, ओढ्याकाठच्या किंवा सडकेकडेच्या एखाद्या बिनपाराच्या उंबरावरून. रस्ता रुंद करताना ज्या झाडावर तोडणीसाठी आकडा रंगवलेला असतो, ते पुष्कळदा हेच असते.