विमानतळावरचा देशी बर्गर

यवतमाळकरांपुढे विमानतळावरच्या खाण्याविषयी बोलणे अनेकांना चमत्कारिक वाटेल. भारीला धावपट्टी आहे खरी. तथापि विमान गाठायचे म्हणजे आपण नागपूरचा रस्ता धरायचा, हेच अंगवळणी पडले आहे.

मागे एका विमानतळावर आम्ही 'देशी बर्गर' खाल्ला. पावात बटाट्याची टिक्की, हिरवी चटणी, कांदा. चव वाईट नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिला घास घेताच आमची मंडळी म्हणाली, "अहो, हा तर आलूबोंडाच! रस्सा तेवढा राहिला." पैसे देताना मात्र कळले, की तेवढ्यात बसस्थानकासमोर आम्हां पाचही जणांची पोटे भरली असती.

मंडळींचे म्हणणे इतिहासाला सोडून नव्हते. बर्गरचे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आले. पाव आणि बटाटा आपल्याकडे आणले पोर्तुगीजांनी. दादर स्थानकाबाहेर 1966 च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला, असे सांगतात. 1996 साली मॅक्डोनाल्ड कंपनी भारतात आली, तेव्हा तिलाही गोमांस बाजूला ठेवून बटाट्याला शरण जावे लागले! तेव्हा 'देशी' या पाटीबद्दल आमचे भांडण नाही. भांडण दराशी आहे.

हा दर बटाट्याचा नव्हे, जागेचा. विमानतळावरच्या जागा बहुधा बोलीने दिल्या जातात. विक्रीतला ठरलेला वाटा किंवा हमीची किमान रक्कम, यांतली जी जास्त भरेल ती दुकानदाराने द्यायची. ती अखेर आपल्याच खिशातून निघते. शिवाय गिऱ्हाईक आत कोंडलेले. तपासणी ओलांडल्यावर समोरच्या टपरीवर जाण्याची सोय नाही. डिसेंबर 2024 मध्ये कलकत्त्याच्या विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' निघाला. तेथे चहा 10 रुपयांना आणि समोसा 20 रुपयांना ठेवला गेला. म्हणजे मनात आणले तर हे जमते.

पण आमचीही एक चूक कबूल करतो. पिशवीत दशम्या होत्या. घरचे कोरडे खाणे आत नेण्यास हरकत नसते, हेही ठाऊक होते. तरी त्या चकचकीत फरशीवर फडके सोडायची आम्हांला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी आम्ही बर्गरच्या रांगेत उभे राहिलो.

शेजारच्या खुर्चीवर नऊवारीतल्या एक आजीबाई बसल्या होत्या. मुलाकडे प्रथमच विमानाने निघालेल्या. त्यांनी मांडीवर फडके पसरले, भाकरी काढली, त्यावर कोरडी चटणी घेतली. ठेचलेल्या लसणाचा वास दूरवर गेला. दोघा-चौघांनी माना वळवल्या. आजीबाईंना त्याचे काही नव्हते. आमच्या हातातल्या त्या कागदाच्या पुडक्याकडे त्यांनी पाहिले आणि अर्धी भाकरी मोडून पुढे केली. "घ्या नं जी, एवढ्याशानं का होते?"

आम्ही घेतली. मग मंडळींनीही पिशवीतल्या दशम्या बाहेर काढल्या.