गंधक आणणाऱ्याच्या अंगी गंधक नाही



गंधक म्हटलं की आपल्याला नासक्या अंड्याचा वास आठवतो, नाहीतर वज्रेश्वरीची कुंडं. जनुक म्हणजे काय, प्रथिन म्हणजे काय, हे तुम्हा मंडळींना ठाऊक आहे, तिथे रेंगाळत नाही. प्रथिनं ज्या वीस अमायनो आम्लांची बनतात त्यांतल्या फक्त दोघांत गंधक असतं, सिस्टीन आणि मेथिओनिन. आपल्याला मेथिओनिन अन्नातूनच मिळवावं लागतं. ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जिवाणू मात्र साध्या सल्फेटपासून दोन्ही घडवतात.

कृती अशी. सल्फेट आत ओढायचं, एटीपी खर्चून त्याला कामाजोगं करायचं, आठ इलेक्ट्रॉन देऊन त्याचं सल्फाइड करायचं आणि सेरीनपासून तयार ठेवलेल्या असेटिलसेरीनला जोडायचं. झालं सिस्टीन! सौदा महागडा, म्हणून हे काम करणाऱ्या जनुकांवर सिस-बी नावाचा कारभारी बसवलेला आहे. त्याला टंचाई कळते कशी? सल्फाइड आलं नाही की असेटिलसेरीन साचतं, त्याचंच एक रूप सिस-बीला जाऊन चिकटतं आणि जनुकं कामाला लागतात. मांडवात नवरी ताटकळली की घरच्यांना कळतं, वरात कुठेतरी अडली आहे. (हशा)

टंचाई म्हणजे काय हे मी फजितीतून शिकलो. विद्यार्थी असताना सल्फेट नसलेल्या थाळ्यांवर जिवाणू उपाशी ठेवायचे होते. मॅग्नेशियम सल्फेट काढलं, मॅग्नेशियम क्लोराइड घातलं. दुसऱ्या दिवशी थाळीभर टपोऱ्या वसाहती! भांडी पुन्हा धुतली, पाणी पुन्हा ऊर्ध्वपातित केलं, तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी, इतर जंतू येऊ नयेत म्हणून घालायच्या औषधाची बाटली हातात होती. लेबल सहज वाचलं, ‘स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट’. मी रोज माझ्याच हाताने त्यांना जेवू घालत होतो. नंतर कळलं की अगरमध्येसुद्धा थोडं सल्फेट असतंच. उपाशी ठेवणं फार कठीण असतं हो!

आता ज्यासाठी मी आलो ते. प्रिन्स्टनमध्ये आर्थर पार्डी यांनी साल्मोनेलाच्या दोन आवरणांमधल्या जागेतलं एक प्रथिन शुद्ध करून 1966 साली त्याचं वर्णन छापलं. ते सल्फेट पकडतं आणि आत नेणाऱ्या दाराशी पोचवतं. 1985 साली फ्लोरांते किओचो यांच्या प्रयोगशाळेने त्याची रचना दाखवली. सल्फेट त्यात फक्त सात हायड्रोजन बंधांवर तोललेलं असतं. पण मला झोप लागू दिली नाही ती पार्डींच्या एका निरीक्षणाने. या प्रथिनात गंधकयुक्त अमायनो आम्लच नाही. एकही नाही! ज्या घडीला घरात गंधकाचा कण नाही, नेमकं त्याच घडीला हे प्रथिन भरपूर लागतं. त्यालाच गंधक लागलं असतं तर ते घडलंच नसतं. जनुकाचं नियंत्रण आपण शिकवतो, पण टंचाई जनुकाच्या अक्षरांतच कोरली गेली आहे, हे शिकवत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की ते शिकवा.

कोणी म्हणेल, एका प्रथिनावर एवढा डोलारा? नाही. कॅलोथ्रिक्स हा निळा-हिरवा जिवाणू प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाची एकाहून अधिक जनुकं बाळगतो आणि सल्फेट आटलं की जवळजवळ गंधकहीन आवृत्ती काढतो. हे 1989 साली प्रसिद्ध झालं.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. मागून एका मुलीचा प्रश्न आहे, ‘प्रत्येक प्रथिनाची सुरुवात मेथिओनिननेच होते ना? मग शून्य कसं?’ शाब्बास! माझ्या तासाला हे कुणी विचारलं नव्हतं. सुरुवात होतेच. पण आतलं आवरण ओलांडताना पुढची शेपटी कापली जाते, तिच्याबरोबर ते मेथिओनिनही सुटतं. शेपटीचे तुकडे होतात आणि मेथिओनिन पुन्हा वापरात येतं.

दुसरा प्रश्न, ‘आम्हाला याचा उपयोग काय?’ रागावत नाही, रास्त आहे. सल्फेटपासून सिस्टीन करण्याची ही वाट आपल्या शरीरात नाही, क्षयाच्या जंतूत आहे. त्या वाटेवरचं एक जनुक काढलं तर उंदरात दीर्घकाळ तग धरायला तो जंतू कमी पडतो. तिथे घाव घालणारं औषध शोधणं चालू आहे. थाळीवर जिवाणू उपाशी ठेवायला मला तीन आठवडे लागले. औषध शोधणारे हे लोक क्षयाच्या जंतूला माणसाच्या फुप्फुसात उपाशी ठेवू पाहताहेत.