मुलाला वाचता येतं, ते कुठपर्यंत?

मराठीत चांगले गुण मिळवणारं मूल अनोळखी उतारा वाचतं का? ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून हेच तपासते, तेही खेड्यापाड्यांत घरी जाऊन, एकेका मुलाशेजारी बसून. आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद देतात. सहज वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल अडखळलं तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. पाचांपैकी चार शब्द बरोबर आले की शब्दांची पातळी जमली. काम काही मिनिटांचं! यात लेखन नाही. शिक्षकांनो, वर्गात हे करून पाहाच. फक्त मूल जोडाक्षरापाशी थांबलं की नुसतं घाबरलं, तेवढं वहीत टिपून ठेवा.