औषधांचा डबा आणि उतारवय

(लोअर परळ येथे ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



गिरण्यांचे भोंगे थांबले. पण त्या भोंग्यांवर आयुष्य बेतलेल्या पिढीतील कित्येक वडीलधारी माणसे आजही या भागातील चाळींत राहतात. त्यांच्या उशाशी औषधांचा डबा असतो. त्या डब्याविषयीच मला बोलावयाचे आहे.

माझ्या परिचयाचे, साचेखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ रक्तदाबासाठी दोन डॉक्टरांकडे जात. दोघांनी दिलेल्या गोळ्यांची नावे निराळी, औषध मात्र एकच. एका रात्री शौचालयाकडे जाण्यासाठी ते चटकन उठले आणि गॅलरीतच भोवळ येऊन पडले. खुब्याचे हाड मोडले. घरची माणसे म्हणाली, "वय झाले." पण दोष केवळ वयाचा नव्हता.

उतारवयात औषध बाहेर टाकण्याची मूत्रपिंडांची शक्ती मंदावते. शरीरातील पाण्याचा अंश घटतो व चरबीचा वाढतो. त्यामुळे झोपेच्या काही गोळ्या शरीरात दीर्घकाळ रेंगाळतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी रक्तातील साखर धोकादायक इतकी उतरते. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात रक्तस्राव होऊ शकतो. तोल जाणे, भ्रम होणे, अन्नावरील वासना उडणे ही लक्षणे म्हातारपणाच्या खात्यावर टाकली जातात आणि खरे कारण डब्यातच राहते.

अशा प्रतिक्रियांची नोंद करणाऱ्या देशातील आरंभीच्या केंद्रांमध्ये परळच्याच के. ई. एम. रुग्णालयाचा समावेश होतो. २०१० मध्ये यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०११ पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे समन्वयन करतो. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनीवर रुग्ण वा त्याचे नातेवाईकही माहिती देऊ शकतात. एका घरातील नोंद अनेक घरांना सावध करते.

येथील पुष्कळ कुटुंबांची मुळे कोकणात व घाटावर आहेत. निवृत्तीनंतर अनेकजण गावी परतले. तेथे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी एवढे करावे: वृद्धांच्या सर्व गोळ्यांची एकच यादी लिहून द्यावी आणि ती प्रत्येक डॉक्टरांना दाखवावयास सांगावे. औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये, तसेच भीतीपोटी मनाने बंदही करू नये. अंथरुणातून उठताना क्षणभर बसावे, मग पाऊल टाकावे.

आज घरी गेल्यावर तो डबा एकदा उघडून पाहा, एवढीच विनंती.