जन्म येथला, मग माणूस कोठला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



नागरिकत्वाचा प्रश्न आसामचा, आपला नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणून प्रारंभ घरापासूनच करतो. 1948 पर्यंत या मुलखात सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशी संस्थाने होती आणि त्यांना लागून ब्रिटिश अंमलाखालील सातारा जिल्हा होता. कुंडल औंधात, तासगाव ब्रिटिश हद्दीत. कुंडलची सून बाळंतपणाला तासगावास माहेरी गेली की ते मूल जन्माने ब्रिटिश प्रजाजन ठरे. त्याच्या पाठचे भावंड कुंडलास जन्मले तर ते संस्थानी प्रजा, कायद्याच्या भाषेत केवळ ‘संरक्षित’. एका चुलीवर जेवणारी भावंडे दोन दर्जांची! विलीनीकरणाने आणि 26 जानेवारी 1950 च्या घटनेने हा विचित्र प्रकार संपविला.

घटना समितीत मात्र या प्रश्नावर वाद झाला होता. ऑगस्ट 1949 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुखांनी केवळ जन्मावरून नागरिकत्व देण्यास विरोध केला. परदेशी जोडपे वाटेत मुंबईत थांबले आणि मूल झाले, तर तेही भारतीय का, हा त्यांचा सवाल. शेतकऱ्यांच्या या थोर कैवाऱ्याबद्दल मला आदर आहे आणि त्यांचा सवालही पोरकट नव्हता. परंतु त्याच वेळी हिंदू व शीख यांना धर्मावरून नागरिकत्व द्यावे असेही त्यांनी सुचविले. घटना समितीने ते मानले नाही. 1955 च्या कायद्याने परकीय वकिलातींतील अधिकाऱ्यांची मुले यांसारखे मोजके अपवाद ठेवून येथे जन्मणाऱ्या प्रत्येकास नागरिक मानले.

पुढे हे दार आकसत गेले. 1 जुलै 1987 पासून आईबापांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले. 3 डिसेंबर 2004 पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे आई भारतीय असली तरी बापाच्या अपराधाची शिक्षा पाळण्यातल्या मुलाला! आसामी जनतेची धास्ती खरी होती, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण त्या धास्तीवर काढलेले औषध साऱ्या देशाच्या गळ्याखाली उतरविले गेले.

त्याचा चटका कोणाला बसतो? आपल्या कारखान्यांच्या फडांत बीडकडून कोयते येतात. उसाच्या पाचटात, खोपीत बाळंतपणे होतात. हंगाम सरला की गाडी परत निघते आणि जन्माची नोंद ना या गावी, ना त्या गावी. पारध्यांच्या पालावर तर आईच्याच जन्माचा कागद नसतो. गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली गेला, संशय गेला नाही. पूर्वी अशा मुलीला स्वतःचा जन्म येथला एवढेच दाखवावे लागे. आज आईचे आणि बापाचे नागरिकत्वही शाबीत करावे लागते. 2025 साली बिहारात मतदारयाद्यांच्या फेरतपासणीत मतदारांची विभागणी याच तारखांवरून झाली, हे विसरू नका.

आणखी एक गंमत. आपल्याकडचे जे सुखवस्तू लोक ‘रक्त पाहा, जागा पाहू नका’ म्हणतात, त्यांचीच लेकरे अमेरिकेत आहेत. तेथे 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने जन्मसिद्ध नागरिकत्व दिले. जानेवारी 2025 मध्ये तेथील अध्यक्षांनी तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्यांच्या अपत्यांना ते नाकारणारा आदेश काढला, तेव्हा हीच मंडळी अस्वस्थ झाली. नातवंडासाठी जो न्याय मागायचा, तो फडातल्या पोराला का नको?

देशमुखांच्या आक्षेपाला उत्तर आहे. ब्रिटनने 1983 पासून केवळ जन्मावरचे नागरिकत्व बंद केले, परंतु तेथे जन्मून पहिली दहा वर्षे तेथेच वाढलेल्या मुलास नोंदणीचा हक्क ठेवला, मग आईबाप कोणीही असोत. वाटेतल्या प्रवाशाचे मूल यात आपोआप गळते. निदान एवढी तरतूद आपल्या कायद्यात यावी, ही आपली मागणी असली पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मणाऱ्यांच्या बाबतीत जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मदाखल्याचे महत्त्व फार वाढले आहे. वर्ष उलटून गेले की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. तेव्हा गळीत सुरू झाले की प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतील तळांवर जावे, त्या हंगामात जन्मलेल्या मुलांची यादी करावी आणि तळ हलण्यापूर्वी ग्रामपंचायतीतून दाखला आईच्या हाती द्यावा.