दगड लोटला, पण घाव राहिले

बोला, प्रभू येशू ख्रिस्त की जय!

सज्जनहो, नमन झालं, पद झालं. टाळ-मृदंग जरा विसावू द्या. हे तुम्ही पुस्तकात वाचत असाल, तर एवढं ध्यानात घ्या की हे निरूपण बारामती एमआयडीसीत ईस्टरच्या संध्याकाळी झालं. समोर काही जण पाळी करून आलेले, काहींना रात्रपाळी गाठायची होती. म्हणून पाल्हाळ नाही.

उपवासकाळात मी एका माउलीच्या घरी गेलो होतो. तिचा तरणा मुलगा रात्रपाळीहून मोटारसायकलवर येताना गेला. तिनं विचारलं, "बुवा, आपला प्रभू तिसऱ्या दिवशी उठला. माझ्या लेकाला चाळीस दिवस झाले. तो कधी उठायचा?" मी म्हणालो, "देवाची इच्छा, बाई," आणि चहा न घेताच उठलो. उभा जन्म कीर्तन करण्यात गेला, आणि त्या दारातून मी चोरासारखा बाहेर पडलो. आजचं निरूपण त्या प्रश्नाला देणं लागतं.

पुनरुत्थान म्हणजे काय? मेलेला माणूस पुन्हा श्वास घेऊ लागला, एवढंच नव्हे. लाजरालाही प्रभूनं कबरेतून बाहेर बोलावलं, पण लाजर पुढं पुन्हा मेलाच असणार. ख्रिस्त उठला तो पुन्हा न मरण्यासाठी. तो मरणातून मागं फिरला नाही, मरणाच्या पलीकडं गेला.

कोणी म्हणेल, आत्मा तर अमरच आहे, मग देह उठायला कशाला हवा? इथं ख्रिस्ती श्रद्धा वेगळं बोलते. देह म्हणजे टाकून द्यायचं जुनं धोतर नव्हे. तो देवानं घडवला आहे. उठलेल्या प्रभूनं शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. थोमाला हातांतले खिळ्यांचे वण दाखवले. बघा, नवा देह मिळाला, पण घाव पुसले नाहीत. यंत्रावर बोट गमावलेला माणूस इथं बसला आहे, ऊसतोडीनं हात फाटलेली बाई बसली आहे. तुमचे कष्ट, तुमचं दुःख देव विसरून जात नाही, असा त्या वणांचा अर्थ.

मग त्या माउलीच्या लेकाचं काय? पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फुकट. आणि उठला असेल, तर तो मेलेल्यांतलं प्रथमफळ आहे. आपल्या भाषेत सांगतो. ज्वारीच्या रानात एक कणीस आधी पिकतं. शेतकरी ते हातात घेऊन म्हणतो, पीक येणार. बाकीचं रान अजून हिरवं असतं, पण भरवसा त्या एका कणसावर बसतो. दृष्टांत लंगडा आहे बरं का! ज्वारी आपल्या स्वभावानं पिकते, कबर आपल्या स्वभावानं उघडत नाही. ती देवानं उघडली. दगड देवानं लोटला.

आता आख्यान. त्याच रविवारी दोघं जण यरुशलेमहून अम्माऊसकडं निघाले होते. वाट सुमारे अकरा किलोमीटर. एकाचं नाव क्लयपा. दुसऱ्याचं नाव लूकनं लिहिलं नाही, तिथं तुम्ही आपलं नाव घाला. दोघंही खचलेले. वाटेत एक अनोळखी वाटसरू सोबतीला आला. बारामती, सणसर, इंदापूर अशी वारी चालताना पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको, वाटेवर कोणीही सोबती होतो. तो विचारतो, हे सांगतात, तो शास्त्र उलगडतो. तरी ओळख पटेना! दिवस उतरला. यांनी आग्रह केला, राहा. ताटावर बसला, भाकर मोडली, आणि डोळे उघडले! हा तर प्रभू! तोच तो दिसेनासा झाला. दोघं त्याच घटकेला उठले आणि रात्रीचे यरुशलेमला परत फिरले.

सज्जनहो, दुःख कुठं संपलं? वाट तीच, अंधारही होता. पण पाय उलट दिशेनं चालू लागले. पुनरुत्थानाची खूण ती. आपले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंग-कीर्तन त्यांनी सोडलं नाही. १९१९ साली ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतलं आणि पुढं नेलं. शोकानं लेखणी थांबते, आशेनं ती पुन्हा हातात येते.

परवा मी त्या माउलीकडं पुन्हा गेलो. तिला म्हणालो, "लेक उद्या दारात उभा राहणार नाही, हे खोटं सांगणार नाही. पण तो हरवलेला नाही. पहिलं कणीस पिकलं आहे." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बुवा, त्या दिवशी चहा तसाच टाकून गेलात. आज जेवून जा." तिनं भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात वाढली. त्या घासाला मला बोलता आलं नाही.

तुमच्याही शेजारी असं एखादं घर असेल. उद्या तिथं जा. उपदेश करू नका, जेवायला बसा.

प्रभू उठला आहे! खरोखर उठला आहे! आमेन.